शेजारी राष्ट्रांचे सहकार्य व यांत्रिक प्रगती

"गाव करी ते राव न करी" ही म्हण आमच्या विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाने लहानपणापासून ऐकलेली आहे. गावच्या विहिरीतील गाळ काढावयाचा असो की पावसाने वाहून गेलेला बांध पुन्हा घालावयाचा असो, पुष्कळ हात लागले म्हणजे जे काम सहज होते ते एकट्या धनवंताच्या पैशानेही वेळेवर होत नाही. हीच म्हण राष्ट्रांस लावून पाहण्याचा आम्ही ह्या लेखात प्रयत्न करणार आहोत. नवी यंत्रे व नवी साधने निर्माण करण्यात पुढे कोण जाणार ह्याविषयी आज राष्ट्राराष्ट्रांत मोठी चढाओढ चालू आहे. ही चढाओढ मोठ्या व धनाढ्य राष्ट्रांनीच जिंकावयाची आणि लहानांनी त्यांच्या मागून चालावयाचे, अशी पुष्कळांची समजूत दिसते. परंतु थोड्याच वर्षांमागे युरोपच्या उत्तर टोकाकडील काही लहान देशांनी ही समजूत खोटी करून दाखविली. ते त्यांनी कसे केले, हा आमच्या ह्या पाठाचा विषय आहे.

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी एक ओळखीचे उदाहरण घेऊ. आपल्या देशात आगगाडी आली तेव्हा सर्वत्र एकाच रुंदीचे रूळ घातले गेले नाहीत. कोठे रुळांमधील अंतर साडेपाच फूट, कोठे एक मीटर, तर कोठे अवघे अडीच फूट. ह्याचा परिणाम असा झाला की, मुंबईकडून रुंद रुळावरून आलेल्या उतारूस मराठवाड्यात जावयाचे असेल तर मनमाडास उतरून, सामान डोक्यावर घेऊन, मीटर रुळावरील दुसरी गाडी गाठावी लागे. कुर्डुवाडीस हीच गत. तेथे बार्शीचा अरुंद रूळ मोठ्या रुळास येऊन भेटे आणि धान्याची व कापसाची पोती एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावी लागत. इंजिनांत दोष नव्हता, डबे मजबूत होते, हमालही कष्टाळू होते. उणीव एवढीच होती की, रूळ घालणाऱ्यांनी आधी एकत्र बसून रुंदी ठरविली नव्हती. पुढे १९९२ पासून सर्वत्र रुंद रूळ करण्याचे मोठे काम रेल्वेने हाती घेतले, आणि त्यास कित्येक वर्षे व अपार पैसा लागला. प्रारंभी जो करार चार बैठकांत झाला असता, त्याची किंमत नातवंडांना द्यावी लागली.

ही गोष्ट मनात ठेवून आता आपण उत्तर युरोपात जाऊ.

स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क व फिनलंड हे चार देश नकाशावर एकमेकांस लागून आहेत. प्रदेश विस्तीर्ण, वस्ती विरळ, जंगले दाट, समुद्राच्या खाड्या खोल आणि हिवाळा लांब व कठोर. १९८१ च्या सुमारास ह्या चारही देशांची मिळून लोकसंख्या सुमारे सव्वादोन कोटी होती. त्याच वर्षीच्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्राची लोकसंख्या ६ कोटी २७ लाखांवर गेली होती. म्हणजे चार स्वतंत्र राष्ट्रे मिळून आपल्या राज्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढी! शिवाय त्यांचा इतिहास सदैव गोडीगुलाबीचा होता असेही नाही. स्वीडन व डेन्मार्क ह्यांनी शतकानुशतके एकमेकांशी लढाया केल्या. नॉर्वे १९०५ मध्ये स्वीडनपासून वेगळा झाला. फिनलंड १९१७ पर्यंत रशियाच्या साम्राज्यात होता. राजकारणातही एकमत नव्हते. १९४९ मध्ये डेन्मार्क व नॉर्वे हे नाटो ह्या लष्करी संघात शिरले, तर स्वीडन व फिनलंड त्यानंतर सत्तर वर्षांहून अधिक काळ त्याच्या बाहेर राहिले. आम्ही हे मुद्दाम सांगतो. कारण सहकार्य हे केवळ सर्व बाबतींत एकमत असणाऱ्यांनाच साधते असे आमच्या वाचकांस वाटू नये.

ह्या देशांची अडचण अशी होती. मोटारीत बसवावयाचे दूरध्वनी तेथे बऱ्याच आधी आले होते. स्वीडनमध्ये १९५६ मध्ये सुरू झालेल्या अशा यंत्राचे वजन सुमारे ४० किलो होते. पण अशा यंत्रांची संख्या थोडी, किंमत भारी, आणि देशाची सीमा ओलांडली की यंत्र मुके होई. लाकूड वाहणारा एखादा गाडीवान स्वीडनमधून नॉर्वेत गेला म्हणजे त्याचा दूरध्वनी निरुपयोगी ठरे. प्रत्येक देशाने आपापली वेगळी योजना केली असती तर हे असेच चालू राहिले असते.

१९६९ मध्ये नॉर्वेच्या उत्तरेकडील लोफोटेन बेटांवर ह्या देशांच्या दूरध्वनी खात्यांची परिषद भरली असता स्वीडनच्या खात्याकडून एक सूचना पुढे आली: आपण चौघांनी मिळून एकच फिरती दूरध्वनी योजना आखावी. सूचना मान्य झाली आणि चारही देशांच्या अभियंत्यांचे एक मंडळ नेमण्यात आले. त्यांच्या योजनेस पुढे 'नॉर्डिक मोबाइल टेलिफोन', संक्षेपाने एन.एम.टी., असे नाव मिळाले. ह्या कार्यात स्वीडनचे उस्टेन मॅकिटालो ह्या अभियंत्याचा वाटा मोठा होता.

ह्या योजनेचे तत्त्व काय ते विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. बिनतारी संदेशास लहरी लागतात, आणि लहरींचे मार्ग मोजकेच असतात. एका उंच मनोऱ्यावरून सर्व शहरभर संदेश पाठवू लागलो, तर त्या मोजक्या मार्गांवर मोजकीच माणसे एका वेळी बोलू शकतील. म्हणून सर्व प्रदेशाचे मधमाशांच्या पोळ्यातील घरांप्रमाणे लहान लहान भाग पाडतात व प्रत्येक भागात एक मनोरा उभारतात. शेजारशेजारच्या घरांत वेगवेगळ्या लहरी वापरतात; परंतु काही घरे सोडून पलीकडे त्याच लहरी पुन्हा वापरता येतात. अशा रीतीने थोड्या लहरींवर पुष्कळांचे काम भागते. मोटार एका घरातून दुसऱ्या घरात शिरली की, बोलणे न तुटता ते पुढच्या मनोऱ्याच्या स्वाधीन केले जाते. आणि कोणता दूरध्वनी ह्या क्षणी कोठे आहे ह्याची नोंद यंत्रे आपण होऊन ठेवीत असल्यामुळे, हाक मारणाऱ्याने त्याचा ठावठिकाणा शोधण्याचे कारण उरत नाही.

हे तत्त्व केवळ त्यांनाच सुचले होते असे नाही. अमेरिकेत त्याचा विचार पूर्वीच झाला होता आणि जपानने १९७९ मध्ये टोकियो शहरात अशी योजना सुरू केलीही होती. उत्तरेकडील ह्या शेजाऱ्यांचे वैशिष्ट्य निराळेच होते. त्यांनी दूरध्वनीची नोंद सीमेपलीकडेही चालेल अशी व्यवस्था केली. स्वीडनचा दूरध्वनी नॉर्वेत गेला तरी त्यास त्याच क्रमांकावर, कोणा मध्यस्थाने जोडून न देता, हाक येऊ लागली. १ ऑक्टोबर १९८१ रोजी स्वीडनमध्ये ही योजना लोकांस खुली झाली. त्याच वर्षी नॉर्वे व १९८२ मध्ये डेन्मार्क आणि फिनलंड हे देश तीत आले. १९८६ मध्ये दूरचा आइसलंडही सामील झाला. परिषदेपासून पहिल्या संभाषणापर्यंत बारा वर्षे गेली. पहिलीत बसलेला मुलगा शाळा सोडून जाईपर्यंतचा हा काळ आहे, हे ध्यानात घ्यावे. योजना कागदावर मांडली जात असताना तीस लागणारी कित्येक सूक्ष्म विद्युत् यंत्रे बाजारात आलेलीही नव्हती. ती लवकरच येतील व स्वस्त होतील असा अदमास बांधून ह्या लोकांनी काम चालविले, आणि तो अदमास खरा ठरला.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. ह्या सहकार्याने हे देश जगाच्या पुढे कसे गेले? आमच्या मते त्याचे मर्म असे आहे: त्यांनी नियम एक केला आणि कारागिरांस मोकळीक दिली. दूरध्वनी व मनोरा ह्यांनी एकमेकांशी कोणत्या लहरींवर, कोणत्या क्रमाने व कोणत्या खुणांनी बोलावे, एवढेच मंडळाने बारकाईने लिहून काढले. यंत्राच्या पोटात काय असावे, त्याचा आकार कसा असावा, ते कोणी करावे, हे त्यांनी सांगितले नाही. लिहिलेला नियम कुलुपात न ठेवता सर्व कारखानदारांस खुला केला, मग ते देशातील असोत की परदेशातील. रुळांची रुंदी ठरली. गाड्या ज्याला जशा साधतील तशा त्याने बांधाव्या!

ह्याचे फळ लवकरच दिसून आले. एका नियमाप्रमाणे यंत्र केले म्हणजे चार देशांची बाजारपेठ मिळू लागली. म्हणून कारखानदार पुढे आले, त्यांच्यात चढाओढ लागली, यंत्रे हलकी झाली व किमती उतरल्या. फिनलंडच्या नोकिया कंपनीशी संबंधित मोबिरा कारखान्याने १९८२ मध्ये काढलेला मोटारीतील दूरध्वनी जवळजवळ १० किलो वजनाचा होता; पाचच वर्षांनी, १९८७ मध्ये, त्याच कारखान्याने हातात धरावयाचा दूरध्वनी काढला, त्याचे वजन सुमारे ८०० ग्रॅम. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीची एक्स्चेंजे दूरदूरच्या देशांत जाऊ लागली. ऐंशीच्या दशकात लोकसंख्येच्या मानाने सर्वांत अधिक फिरते दूरध्वनी ह्याच प्रदेशात होते.

त्याच वेळी युरोपातील मोठ्या देशांची स्थिती काय होती? ब्रिटन, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली ह्या प्रत्येकाची योजना निराळी. एकाचे यंत्र दुसऱ्याकडे चालत नसे. देश मोठे, पैसा विपुल, विद्वान पुष्कळ. पण जणू प्रत्येकाचे मनमाड स्टेशन वेगळे! लहानांनी एकत्र येऊन जे साधले ते मोठ्यांस एकेकट्याने साधले नाही.

पुढील पायरी ह्याहून अवघड होती. १९८२ मध्ये युरोपातील टपाल व दूरध्वनी खात्यांच्या संघटनेने सर्व पश्चिम युरोपासाठी एकच नवी योजना आखण्यास एक मंडळ नेमले. उत्तरेकडील देश व हॉलंड ह्यांनी ह्यात पुढाकार घेतला आणि मंडळाचे अध्यक्ष स्वीडनच्या खात्यातील थॉमस हाउग हे झाले. ह्या नव्या योजनेत आवाज जशाच्या तसा न पाठविता आकड्यांच्या रूपाने पाठवावयाचा होता, म्हणजे थोड्या लहरींत अधिक माणसे बोलू शकतील व चोरून ऐकणे कठीण होईल. तीच पुढे जी.एस.एम. ह्या नावाने प्रसिद्ध झाली.

परंतु चौघांत एकमत करणे वेगळे आणि पंधरांत करणे वेगळे. १९८६ मध्ये निरनिराळ्या देशांनी व कारखान्यांनी केलेल्या आठ प्रायोगिक यंत्रणा पॅरिस येथे आणून त्यांची तुलना करण्यात आली. फेब्रुवारी १९८७ मध्ये मदीरा बेटावर सभा भरली, तेव्हा बहुतेक देश एका पद्धतीस अनुकूल होते. पण फ्रान्स व पश्चिम जर्मनी ह्या दोन बलाढ्य देशांचा कल दुसऱ्या पद्धतीकडे होता, आणि तिच्यावर त्यांच्या कारखान्यांनी पुष्कळ श्रम केलेले होते. आपण घाम गाळून केलेली वस्तू बाजूस ठेवून दुसऱ्याची स्वीकारणे हे माणसास कठीण जाते. राष्ट्रास तर त्याहून कठीण. येथे गाडे अडून राहिले असते तर युरोप पुन्हा दहा रुळांवर विभागला गेला असता. पुढील तीन महिन्यांत बोलणी झाली, प्रत्येकाने थोडे सोडले, बहुमताच्या पद्धतीत काही सुधारणा करण्यात आल्या, आणि मे महिन्यात बॉन येथे फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली व ब्रिटन ह्यांच्या मंत्र्यांनी तिला मान्यता दिली. ७ सप्टेंबर १९८७ रोजी कोपनहेगन येथे १३ देशांच्या प्रतिनिधींनी करारावर सह्या केल्या. आपापल्या देशात ठरलेल्या मुदतीत ही योजना सुरू करू, असे त्यांनी परस्परांस वचन दिले. हे वचन महत्त्वाचे होते. कारण त्यामुळे कारखानदारांस गिऱ्हाईक मिळण्याची खात्री पटली.

१ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये ह्या योजनेवरील पहिले संभाषण झाले. त्यानंतर ती युरोपातच राहिली नाही. ३१ जुलै १९९५ रोजी भारतात पहिले मोबाइल संभाषण झाले. कलकत्त्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू हे दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम ह्यांच्याशी बोलले, ते ह्याच पद्धतीवर. २००४ मध्ये तिच्या वापरणाऱ्यांची संख्या जगात शंभर कोटींवर गेली. आज आपल्या घरातील मोबाइलमध्ये जे लहानसे सिम कार्ड असते, ते ह्याच योजनेतून आलेले आहे. यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, कार्ड त्यात बरोबर बसते. ते का बसते, ह्याचे उत्तर आता आमच्या विद्यार्थ्यांस देता येईल.

ह्या इतिहासावरून आम्हांस चार बोध घ्यावेसे वाटतात.

पहिला असा की, सहकार्याचा आरंभ सर्वांस सतावणाऱ्या एखाद्या खऱ्या अडचणीपासून व्हावा. "आपण मित्र आहोत" असे ठराव कितीही केले तरी त्यांतून यंत्र निघत नाही. सीमेवर दूरध्वनी मुका होतो, ही अडचण चौघांचीही होती. म्हणून चौघेही टिकून राहिले.

दुसरा असा की, जेथे दोन वस्तू एकमेकींस भेटतात तेथेच नियम करावा. बाकी मोकळे सोडावे. एकच नियम केल्याने नवे शोध खुंटतील, असा आक्षेप काही विचारवंत घेतात, आणि तो अगदीच निराधार नाही. नियम फार बारीक केला तर कारागिराचे हात बांधले जातात. फार सैल केला तर वस्तू जुळत नाहीत. ह्यातील मध्य साधणे हेच खरे कौशल्य होय.

तिसरा असा की, सोडल्यावाचून मिळत नाही. कोपनहेगनच्या करारात सही करणाऱ्या प्रत्येकाने आपले काही ना काही मागे ठेवले होते. जो शेजारी 'माझेच खरे' म्हणून बसतो, त्याचा रूळ त्याच्या कुंपणाशी संपतो.

चौथा असा की, मिळालेला मान कायमचा नसतो. १९९८ पासून २०११ पर्यंत नोकिया ही जगात सर्वांत अधिक मोबाइल विकणारी कंपनी होती. परंतु २००७ नंतर पडद्यास बोट लावून चालणारे व संगणकाप्रमाणे काम करणारे मोबाइल आले, तेव्हा ती मागे पडली आणि २०१४ मध्ये तिने आपला मोबाइलचा धंदा दुसऱ्या कंपनीस विकून टाकला. दूरध्वनीच्या जाळ्यास लागणारी यंत्रसामग्री मात्र नोकिया व एरिक्सन ह्या कंपन्या आजही तयार करतात. एकदा मिळविलेले नेतृत्व पुन्हा पुन्हा मिळवावे लागते, हे ह्यावरून दिसते.

हे सर्व वाचून एखादा पालक विचारील की, हे उत्तर युरोपात ठीक. आमच्या ह्या भागात शेजाऱ्यांचे असे जमणार कसे? प्रश्न रास्त आहे. दक्षिण आशियातील वैरे जुनी आहेत व ती लेख लिहून मिटत नाहीत. ५ मे २०१७ रोजी भारताने श्रीहरिकोटा येथून दक्षिण आशियासाठी एक उपग्रह सोडला व तो शेजाऱ्यांच्या उपयोगास दिला. पाकिस्तान त्या योजनेपासून दूर राहिला. उपग्रह ही एका देशाने इतरांस दिलेली भेट होती. भेट देणे चांगलेच, पण एन.एम.टी. ही कोणी कोणास दिलेली भेट नव्हती, ती चौघांनी एका मेजाभोवती बसून बरोबरीच्या नात्याने लिहिली होती, आणि तिच्या यशाचे एक कारण हेच होते.

तथापि निराश होण्याचे कारण नाही. ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ जे चक्रीवादळ किनाऱ्यास लागले, त्याचे 'निसर्ग' हे नाव कोणी दिले, हे आमच्या कोकणातील वाचकांस ठाऊक आहे काय? ते बांगलादेशाने सुचविलेले होते. पुढल्या वर्षीच्या 'तौक्ते' वादळाचे नाव म्यानमारने दिले होते. बंगालचा उपसागर व अरबी समुद्र ह्यांच्या काठचे व आसपासचे १३ देश, भारत व पाकिस्तान दोघेही धरून, वादळांच्या नावांची एकच यादी वापरतात. प्रत्येकाची १३ नावे, मिळून १६९. वादळाच्या हालचालीची सूचना दिल्लीच्या हवामान खात्याकडून ह्या देशांस जाते. नाव ही वरवर क्षुल्लक गोष्ट. परंतु कोळी बांधव समुद्रात असताना, एकाच वादळास चार देशांनी चार नावे दिली तर किती घोटाळा होईल, ह्याचा विचार केला म्हणजे ह्या साध्या नियमाचे मोल कळते. समाईक संकट पुढे उभे राहिले म्हणजे आमचे शेजारीही एक रूळ घालू शकतात, ह्याचा हा पुरावा आहे. नद्यांचे पूर, हवेतील धूर, पिकांवरील रोग, ह्या अडचणी सीमा ओळखत नाहीत. त्यांवरील साधने शोधण्यास ह्याच मार्गाने जाता येईल.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी काही जण उद्या अभियंते होतील, काही व्यापारी, काही सरकारी अधिकारी. नवे यंत्र शोधून काढण्याची हौस तुम्हांस असावी, हे आम्ही सांगावयास नको. आम्ही सांगतो ते एवढेच की, लोफोटेनच्या सभेस बसलेल्या लोकांनी त्या दिवशी कोणतेही यंत्र केले नव्हते. त्यांनी शेजाऱ्याचे म्हणणे ऐकले, आपले सांगितले, आणि दोघांस चालेल असा नियम लिहिण्यास आरंभ केला. ही विद्या शिकण्यास प्रयोगशाळा लागत नाही. वर्गातील चौघांनी मिळून एक नकाशा काढावयाचा असेल, तेव्हा कागद मांडण्यापूर्वी प्रमाण ठरवा. कोणी डोंगर काढावे, कोणी नद्या, हे मग वाटून घ्या. प्रमाण न ठरविता काढलेले चार सुंदर तुकडे एकत्र जुळत नाहीत, हे तुम्हांस एकदाच अनुभवास आले म्हणजे पुरे. पालकांसही आमची विनंती आहे की, "तुझा कितवा नंबर आला?" असे मुलास विचारताना "कोणाबरोबर मिळून काय केलेस?" हेही विचारीत जावे. पहिल्या प्रश्नाने मूल धावण्यास शिकते. दुसऱ्याने, ज्यावरून सर्वांस धावता येईल तो रूळ घालण्यास शिकते.